वर्धेचा काठ आणि प्राचीन लढाया
(वरोरा येथील वसंत व्याख्यानमालेतील व्याख्यान)



‘प्राचीन जगातील निर्णायक लढाया’ असा विषय संयोजकांनी मला दिला आहे. एडवर्ड क्रीझी या इंग्रज लेखकानं १८५१ साली जगातल्या पंधरा निर्णायक लढायांवर पुस्तक लिहिलं. मॅरेथॉनपासून वॉटर्लूपर्यंतच्या त्या यादीत भारतातली एकही लढाई नाही. यादीवरून भांडण्यात मला रस नाही. पण लढाई निर्णायक ठरते कशावरून, हे आधी ठरवलं पाहिजे, आणि ते ठरलं की आपल्या दाराशीच काही लढाया सापडतात.

किती माणसं पडली, यावरून ते ठरत नाही. इ.स.पू. २१६ मध्ये इटलीत कॅनी इथं हॅनिबलनं रोमची फौज चहूबाजूंनी कोंडून कापून काढली. त्या एका दिवसात मेलेल्या रोमनांचा आकडा जुने लेखक पन्नास हजार आणि त्याहून वर सांगतात. पण चौदा वर्षांनी, झामाच्या मैदानात, जिंकलं ते रोमच. उलट इ.स. ९ मध्ये जर्मनीतल्या टॉयटोबुर्गच्या जंगलात रोमच्या तीन पलटणी संपल्या. सूड उगवायला रोमन फौजा पुन्हा त्या रानात गेल्या, त्यांनी मारही दिला, तरी साम्राज्याची सरहद्द पुढं ऱ्हाईन नदीवरच राहिली. माझी कसोटी यातूनच आली आहे. हरलेल्यानं सूड उगवून झाल्यावरही जे बदललेलं राहतं, ते निर्णायक.

आता आपल्या नदीकडे या. कालिदासाचं ‘मालविकाग्निमित्र’ आपण प्रेमाचं नाटक म्हणून ओळखतो. त्याच्या पडद्यामागं विदर्भातलं एक युद्ध चालू आहे. इ.स.पू. १८५ च्या सुमारास पुष्यमित्र शुंगानं शेवटच्या मौर्य राजाला मारून मगधाची सत्ता घेतली. त्याचा मुलगा अग्निमित्र विदिशेला होता. विदर्भात यज्ञसेन गादीवर होता आणि तो मौर्यांच्या सचिवाचा मेहुणा. यज्ञसेनाचा चुलतभाऊ माधवसेन अग्निमित्राकडे निघाला असताना यज्ञसेनाच्या सीमारक्षकांनी त्याला पकडलं. त्याला सोडा, असं अग्निमित्रानं कळवलं. आधी तुमच्या कैदेतला तो मौर्य सचिव सोडा, असं उत्तर गेलं. मग अग्निमित्राचा सेनापती वीरसेन चालून आला, यज्ञसेन हरला, आणि विदर्भाचे दोन वाटे झाले. मधली हद्द ठरली वरदा नदी. ही वरदा म्हणजे आपली वर्धा.

नाटक हे काही सरकारी दप्तर नव्हे, आणि कालिदास त्या घटनेनंतर कित्येक शतकांनी लिहीत होता. तरीसुद्धा नदीचं नाव घेऊन केलेली ही वाटणी मला महत्त्वाची वाटते. कारण ही हद्द पुन्हा पुन्हा उगवते. १८०३ च्या नोव्हेंबरात इंग्रजांशी अडगावची लढाई झाली, डिसेंबरात गाविलगड पडला, आणि देवगावच्या तहात नागपूरच्या रघुजी भोसल्यांना वर्धेच्या पश्चिमेचा मुलूख सोडावा लागला. तो निजामाकडे गेला. पलीकडे वऱ्हाड, अलीकडे नागपूरकरांचं राज्य. आजही तुमच्या तालुक्यातून वर्धा ओलांडली की यवतमाळ जिल्हा लागतो.

पण आज जिच्यासाठी मी सर्वांत जास्त वेळ मागणार आहे, ती लढाई आपल्या कोणत्याही नाटकात नीट आलेली नाही. तिचं मैदान कुठं होतं हे माहीत नाही, तिथं किती हत्ती होते हेही नाही. सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीनं क्षहरात घराण्यातल्या नहपानाचा पराभव केला, तो हा संग्राम. बरेच अभ्यासक तो इ.स. १२५ च्या आसपास ठेवतात, काही जण आणखी मागं नेतात. शक क्षत्रप असलेल्या नहपानाकडे तेव्हा नाशिक, जुन्नर, कार्ले आणि कोकणची बंदरं होती. सोपारा-कल्याणला उतरलेला माल घाट चढून नाणेघाटातून पैठण-तेरकडे जायचा, आणि त्या घाटवाटांची जकात म्हणजे सातवाहनांचा प्राण. ‘पेरिप्लस’ नावाच्या ग्रीक दर्यावर्दी पुस्तकात नोंद आहे की कल्याणचा व्यापार अडवला गेला आणि तिकडे आलेली ग्रीक जहाजं पहाऱ्यात भडोचला नेली जात. सातवाहनांची कोंडी कशी झाली असेल, ते एवढ्यावरून कळतं.

निकाल काय लागला, याचे दोन पुरावे आहेत. पहिला नाशिकच्या पांडवलेण्यांत. नहपानाचा जावई उषवदात मोठा दानी माणूस. तिथल्याच एका लेखात तो भिक्षूंसाठी तीन हजार कार्षापणं गोवर्धनच्या विणकरांच्या श्रेणींकडे व्याजानं ठेवतो. त्याच डोंगरावर, तीन क्रमांकाच्या लेण्यात, गौतमीपुत्राचा राज्याच्या अठराव्या वर्षातला लेख आहे. तो विजयी सैन्याच्या छावणीतून सुटलेला हुकूम आहे. गोवर्धनच्या अमात्याला राजा कळवतो की पश्चिम काखडी गावातलं, आजवर उषवदातानं भोगलेलं दोनशे निवर्तनं शेत त्रिरश्मी, म्हणजे याच डोंगरावरच्या भिक्षूंना दिलं आहे. राज्य बदललं, हे इथं शेताच्या मालकीवरून समजतं.

आणि सहा वर्षांनी त्याखाली दुसरा लेख कोरला गेला. काखडीचं ते शेत कसलं जात नाही, गावही वसलेलं नाही, म्हणून त्याऐवजी नगराच्या हद्दीवरच्या राजाच्या शेतातलं शंभर निवर्तनं द्यावं. जेत्याच्या हुकमातच हे लिहिलेलं आहे. गाव कशानं ओस पडलं ते लेख सांगत नाही. पण सैन्यं त्याच मुलखातून गेली होती, आणि सहा वर्षांनंतरही तिथं नांगर फिरत नव्हता. प्राचीन युद्धाविषयी मी जे काही वाचलं आहे, त्यात या दोन ओळींइतकं मला काहीच लागलेलं नाही.

दुसरा पुरावा चांदीचा. १९०६ साली नाशिक जिल्ह्यातल्या जोगळटेंभी गावी नहपानाची तेरा हजारांवर नाणी सापडली. त्यांतल्या नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्रानं आपला छाप मारला होता. असं एखादं नाणं हातात घेऊन तिरकं धरलं तर खालचा राजाचा मुखवटा अजून दिसतो. नाक, कपाळ, कडेची ग्रीक अक्षरं. आणि त्यांच्यावरून टेकडीसारखं चैत्यचिन्ह गेलेलं असतं, मागच्या बाजूच्या बाण-वज्रावर उज्जैन चिन्ह. बाजारातल्या माणसाला राजा बदलल्याची दवंडी ऐकायची गरजच उरली नाही.

आता कसोटी लावू. गौतमीपुत्राची आई बलश्री हिनं नातवाच्या, पुळुमावीच्या, राज्याच्या एकोणिसाव्या वर्षी नाशिकला मुलाची प्रशस्ती कोरवली. त्याच्या मुलखांच्या यादीत अपरान्त, सुराष्ट्र, कुकुर, अनूप, आकरावंती, मूलक आहेत, आणि विदर्भही आहे. शकांनी सूड उगवला. इ.स. १५० च्या जुनागढच्या लेखात शक राजा रुद्रदामन सांगतो की दक्षिणापथपती सातकर्णीला मी दोनदा हरवलं, पण नातं जवळचं म्हणून नष्ट केलं नाही. त्याचीही यादी आहे. दोन्ही याद्या शेजारी ठेवा. आकरावंती, अनूप, सुराष्ट्र, कुकुर, अपरान्त रुद्रदामनाच्या यादीत गेले आहेत. पैठणचा मूलक आणि आपला विदर्भ त्यात नाहीत.

म्हणजे माळवा-गुजरातपुरती गौतमीपुत्राची लढाई एका पिढीची ठरली. गोदाकाठासाठी आणि विदर्भासाठी मात्र ती निर्णायक होती, असं मी ठामपणे म्हणतो. त्या आधी क्षत्रपांचा हात किती आत पोचला होता, हे वैनगंगेवरच्या पवनीला सापडलेल्या महाक्षत्रप रूपिअम्माच्या स्मारकस्तंभावरून दिसतं. नंतरचं चित्र दाखवतो तो १९३९ साली वाशिमकडे तऱ्हाळ्याला मिळालेला साठा. मिश्रधातूची दीड हजारांवर नाणी, सगळी सातवाहनांची. पुराणांना ज्यांची नावंही माहीत नाहीत असे सातवाहन राजे त्यांत अभ्यासक वा. वि. मिराशींना वाचायला मिळाले.

म्हणून शेवटी एक विनंती करतो, ती तुमच्यातल्या शेतकऱ्यांना आणि त्यांच्या मुलांना. भद्रावती, पवनी, देवटेक या जुन्या ठिकाणांमधला हा मुलूख आहे. सातवाहनांची नाणी चमकत नाहीत. काळपट, शिशाच्या गोळीसारखी दिसतात, आणि म्हणूनच फेकली जातात किंवा वितळवली जातात. नांगराला, विहिरीच्या खोदकामात किंवा घराच्या पायात असं काही लागलं तर ते घासू नका, सोनाराकडे नेऊ नका, वाटून घेऊ नका. जागा लक्षात ठेवा आणि तहसीलदारामार्फत जिल्हाधिकाऱ्यांना कळवा. १८७८ च्या भूमिगत धनाच्या कायद्यानं ते आपलं कर्तव्यही आहे.