वृद्धाश्रमातील लस आणि आपण



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ आपण जमलो आहोत, त्यांच्या पिढीतील कित्येकजण उतारवयात वृद्धाश्रमांत राहिले. म्हणून माझ्या व्यवसायातील एक साधा, पण उपेक्षित विषय आज मी निवडला आहे.

वयाबरोबर शरीराची प्रतिकारशक्तीही थकते. ज्यांना लसीची निकड सर्वाधिक, त्यांच्याच अंगी ती कमी लागू पडते. मग त्यांना राखायचे कसे? स्कॉटलंडमध्ये १९९६-९७ च्या हिवाळ्यात, वृद्धांची दीर्घकाळ शुश्रूषा करणाऱ्या २० रुग्णालयांपैकी निम्म्या ठिकाणी सेवकवर्गाला फ्लूची लस देऊ करण्यात आली. तेथे १३.६ टक्के वृद्ध दगावले, इतरत्र २२.४ टक्के. हे सारे श्रेय लसीचेच, असे मी म्हणणार नाही. जे वाचले त्यांच्यातील फ्लूची लागण काही घटलेली आढळली नव्हती. तथापि उंबरठा न ओलांडणाऱ्या आजींपर्यंत रोग कोणीतरी आणतोच. भाकरी वाढणाऱ्या मावशी, अंग पुसणारी आया, रविवारी भेटीस येणारा नातू! त्यांच्या लसीचा विचार आश्रमाच्या अंदाजपत्रकात क्वचितच असतो.

१ मार्च २०२१ पासून साठीपुढील नागरिकांना कोविडची लस मिळू लागली, परंतु ओळखपत्र हवे होते. आश्रमातील काहींची कागदपत्रे मुलांच्या कपाटात, तर काहींना घरच उरलेले नाही. अखेर मे २०२१ मध्ये केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने ओळखपत्र नसलेल्यांसाठी कार्यपद्धती ठरविली. तिच्यात साधू, कैदी व भिकारी यांच्यासमवेत वृद्धाश्रमवासीयांचाही उल्लेख होता. ती यादी वाचून मी काही काळ सुन्न झालो. शासनाने योग्य तेच केले होते. हे आपले कोणीतरी आहेत, असे सांगायला त्यांच्याजवळ माणूस नव्हते, हे खरे दुखणे.

संमतीचेही तेच. मी तपासणीस जातो त्या आश्रमात संमतिपत्र मुलाकडे धाडण्याची प्रथा होती. एक आजी मला म्हणाल्या, "डॉक्टरसाहेब, दंड माझा आणि सही त्याची?" त्यांची बुद्धी माझ्याहून तल्लख होती. जो माणूस समजू-उमजू शकतो, त्याची संमती त्याच्याकडूनच घ्यावयाची असते. त्या दिवसापासून आम्ही आधी आजींना विचारू लागलो. दोघींनी नकार दिला. तोही आम्ही नोंदवून ठेवला.

आपल्याकडे फ्लूचा जोर पावसाळ्यात वाढतो. आपणांपैकी जे अशा संस्थांच्या कार्यकारिणीवर आहेत, त्यांनी पावसाळ्यापूर्वीच दोन याद्या कराव्यात, आणि सेवकवर्गाची यादी आधी करावी.