पदवीची पारख



राज्यकारभाराचा कित्ता घालून देणाऱ्या अहिल्यादेवींचा जन्म १७२५ साली आपल्याच जिल्ह्यातील चोंडी गावी झाला. त्या भूमीतील मुलांस लोकप्रशासन विषयाची ओढ वाटावी, हे स्वाभाविकच होय. परंतु पदवीही पारखून घ्यावी लागते, हे आम्ही ठेच लागून शिकलो.

आमच्या शिफारशीवरून एका होतकरू मुलास मंडळाची शिष्यवृत्ती मिळाली. तीन वर्षांनी पदवी हाती आली. पण ती देण्याचा त्या संस्थेस अधिकारच नव्हता, हे नोकरीचा अर्ज करतेवेळी उघडकीस आले. जाहिरातीवर विसंबून सही करणारे आम्हीच; दोष आमचाच.

१९५६ च्या विद्यापीठ अनुदान आयोग कायद्याच्या कलम २२ अन्वये पदवी देण्याचा अधिकार कायद्याने स्थापिलेली विद्यापीठे, अभिमत विद्यापीठे व संसदेने खास अधिकार दिलेल्या संस्था यांनाच आहे. ही पहिली कसोटी. दुसरी, १९९४ साली स्थापन झालेल्या 'नॅक'च्या श्रेणीची. मात्र ती श्रेणी सबंध संस्थेची असते, एकेका अभ्यासक्रमाची नव्हे. म्हणून तिसरी कसोटी आपणच लावावयाची : विषयास कायम अध्यापक आहेत काय? ग्रंथालय आहे काय? विद्यार्थी ग्रामपंचायतीचा, पंचायत समितीचा कारभार प्रत्यक्ष पाहतात काय?

या कसोट्या लावल्यावाचून मंडळाने यापुढे शिष्यवृत्ती देऊ नये. त्या मुलाच्या नव्या प्रवेशासाठी मात्र निधी उभारावा. त्यातील पहिली रक्कम आमच्या निवृत्तिवेतनातून स्वीकारावी, अशी विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.