उरलेल्या तासांचा वैद्य



वर्षाचे तास ८,७६०. मधुमेहाचा रोगी महिन्याकाठी पाव तास डॉक्टरांपुढे बसला असे धरले, तरी वर्षात तीनच तास भरतात. उरलेल्या ८,७५७ तासांत त्याचा वैद्य कोण? तो स्वतः आणि त्याच्या घरची माणसे.

हा विचार नवा नव्हे. बोस्टनच्या डॉ. इलियट जॉस्लिन यांनी १९१८ साली मधुमेहावर एक पुस्तक लिहिले, ते डॉक्टर आणि रोगी या दोघांनीही वापरावे म्हणून. टोरांटोत इन्सुलिन हाती आले ते त्यानंतर, १९२१ साली. पुढे १९९३ मध्ये अमेरिका व कॅनडातील १,४४१ रोग्यांच्या दीर्घ अभ्यासाचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. हे सारे इन्सुलिनवर जगणारे. त्यांपैकी ज्यांनी दिवसातून अनेकदा साखर तपासून त्याप्रमाणे मात्रा घेतली, त्यांच्यात डोळ्यांचा विकार नव्याने जडण्याचा धोका सुमारे ७६ टक्क्यांनी घटला. मात्र त्यांना हे सारे शिकवणारी माणसे सतत पाठीशी होती, हे विसरू नये.

जबाबदारी सोपवायची तर ज्ञानही सोपवले पाहिजे. आपल्याकडे ‘साखर बंद’ एवढ्यावर भागते. चहा बिनसाखरेचा होतो आणि एकादशीला साबुदाण्याची खिचडी ताटभर वाढली जाते! साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट. पोटात त्याची साखरच होते. उलट इन्सुलिन किंवा काही विशिष्ट गोळ्या घेऊन उपाशी राहिले, तर साखर एकाएकी उतरते. हात थरथरतात, दरदरून घाम फुटतो, बोलणे असंबद्ध होते. रोगी शुद्धीवर असेल तर तीन चमचे साखर पाण्यातून द्यावी व पाव तासाने पुन्हा तपासावे. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही न घालता तत्काळ इस्पितळ गाठावे. घरातल्या शाळकरी मुलालाही हे ठाऊक हवे.

आणि गृहिणीच मधुमेही असली तर? इन्सुलिन टोचून ती सर्वांना वाढत राहते, पाहुणा आला की पुन्हा तवा चढवते आणि स्वतः शेवटी जेवते. तिला वेळेवर ताट वाढून देणे, हा त्या घरातला औषधोपचारच आहे.

आणखी एक सांगतो. घरची माणसे पहारेकरी झाली, की रोगी चोरून खाऊ लागतो आणि वहीत खोटे आकडे मांडतो. म्हणून त्याचे ताट वेगळे काढू नका. सर्वांच्याच ताटात भात थोडा कमी करा. उसळ, पालेभाजी वाढवा. रात्री त्याचे तळपाय पाहा, कारण बधिर पायाला खडा बोचलेला कळत नाही.

श्रोतेहो, पुढच्या खेपेला दवाखान्यात जाताना आकड्यांची वही न्या आणि घरचे एक माणूस सोबत न्या. औषधाची चिठ्ठी हाती पडली की लगेच उठू नका. डॉक्टरांना एवढे अवश्य विचारा, “आम्ही घरी काय करायचे, तेही शिकवा.” असे विचारण्याचा आपल्याला अधिकार आहे.