फी सरकारची, लेकरू आपले

जिवतीच्या डोंगरावरचा एखादा कोलाम किंवा गोंड बाप आपल्या लहानग्या मुलीला राजुऱ्याच्या वसतिगृहात आणून सोडतो, तेव्हा ती शाळा त्याने पारखून घेतलेली नसते. आदिवासी विकास विभागाची नामांकित इंग्रजी निवासी शाळांची योजना आहे. मुलांना कोणत्या शाळेत पाठवायचे हे प्रकल्प कार्यालय ठरवते आणि फी शासन भरते. योजनेमागचा हेतू चांगलाच आहे. पण फी दुसऱ्याने भरली की बापाचा आवाज आपोआप खाली येतो. ‘फुकट शिकवतात, वर तक्रार कसली?’ असे त्याला कोणी तोंडावर म्हणायचीही गरज नसते. तो स्वतःच ते मनाशी म्हणतो.

एप्रिल २०१९ मध्ये आपल्या राजुऱ्यातच एका खाजगी शाळेच्या वसतिगृहातील आदिवासी मुलींच्या लैंगिक शोषणाची तक्रार पुढे आली. पोक्सो कायद्याखाली गुन्हे दाखल झाले, अटका झाल्या. पालक बोलू लागले, तेव्हा सरकारी मदतीची रक्कम मिळते म्हणून ते पुढे येत आहेत, अशा अर्थाचे उद्गार काही राजकीय पुढाऱ्यांनी पत्रकार परिषदेत काढले. जिल्हाभर संताप उसळला आणि मोर्चे निघाले. खरे-खोटे ठरवायला न्यायालय आहे. मला बोचते ते एवढेच, की तपास पुरा व्हायच्या आधीच आईबापाच्या तोंडाची किंमत ठरवली गेली.

गप्प बसवण्याची दुसरी वाट म्हणजे अब्रुनुकसानीचा धाक. अमेरिकेत बिघडलेल्या समजल्या जाणाऱ्या मुलांसाठी निवासी शाळा सुचवणारे सल्लागार असतात. अशाच एका सल्लागार बाईंवर लुईझियानातील एका आईने जाहीरपणे कडक टीका केली. २००६ मध्ये फ्लोरिडातील ज्युरीने त्या आईला १ कोटी १३ लाख डॉलर भरपाई द्यायला सांगितली. सुनावणीला ती हजर नव्हती आणि वकीलही नव्हता. तिची बाजू ऐकलीच गेली नाही.

आपल्याकडे बदनामी हा फौजदारी गुन्हाही आहे. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचे कलम ३५६ त्यासाठी लागू आहे. पण जुन्या दंड संहितेतल्या ४९९ कलमाप्रमाणे त्यालाही अपवाद आहेत. लोकहितासाठी सांगितलेली खरी गोष्ट बदनामी ठरत नाही. योग्य अधिकाऱ्याकडे सद्भावनेने केलेली तक्रारही ठरत नाही. पोक्सो तर याहून पुढे जातो. मुलावर अत्याचार होण्याची शंका आली तरी कळवणे हे कर्तव्य आहे आणि सद्भावनेने कळवणाऱ्यावर दिवाणी किंवा फौजदारी ठपका येत नाही. म्हणजे ‘पुरावा आण, मग बोल’ असे बापाला सुनावणारा गृहपाल कायदा वाचून बोलत नसतो.

एक पथ्य मात्र पाळावे. जाहीर बोलताना मुलीचे नाव, फोटो, घरचा पत्ता, शाळा, काहीही उघड करू नये. कलम २३ प्रसारमाध्यमांना तशी मनाई करते. मीही आज शाळेचे नाव घेतले नाही ते याचसाठी, कोणाच्या भीतीने नव्हे. आपण पाहिले ते वेगळे सांगावे, ऐकले ते वेगळे. पोर कोणत्या तारखेला घरी आली, तिला ताप होता की नव्हता, वसतिगृहाने काय निरोप धाडला, हे लिहून ठेवावे. लिहिता येत नसेल तर पोलीसपाटलाकडून किंवा अंगणवाडीताईंकडून लिहून घ्यावे.

आणि ठाण्यात गेलात तर लक्षात असू द्या. माहिती लेखी नोंदवून तिला नोंद क्रमांक द्यावा आणि ती सांगणाऱ्याला वाचून दाखवावी, असे कलम १९ मध्येच लिहिले आहे. लिहिलेली भाषा मुलाला कळत नसेल, तर दुभाषा द्यायचा आहे. आपल्याकडे तो गोंडीचा लागेल, जिवतीकडचा असेल तर कोलामीचा. तो मागून घ्या.