आजीचं पांढरं लुगडं



आमच्या घरी दागिना नाही, एक पांढरं लुगडं आहे. चांदीचे गोठ मोडून आजीनं ते घेतलं आणि १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपूरला नेसून बाबासाहेबांमागे बावीस प्रतिज्ञा बोलली. परत वर्ध्याकडे आल्यावर घरचे देव धाम नदीत सोडले. आजोबा दोन दिवस जेवले नाहीत. घरात हे कुणी सांगत नाही, आम्ही सांगतो. दोन महिनेही झाले नाहीत तोच ६ डिसेंबर आला. लुगडं पेटीत गेलं.

"मला यातच न्या," आजी म्हणायची. आम्ही नेलं नाही. नवं पातळ नेसवलं, हे ठेवून घेतलं. स्वार्थच म्हणा.

आज वर्धापनदिनाला सोबत आणलंय. पदराला तिच्या हातचं रफू आहे, बघा.