सायकलवरून आपलं रान बघूया

तायांनो, रविवारी उजाडताच शिरोळातून सायकली काढायच्या. नरसोबाची वाडी, कुरुंदवाड, खिद्रापूर, आणि दिवस मावळायच्या आत परत. शाळेला असताना सायकल मारत होतोच की, पाय काही विसरत नाहीत. वाडीला कृष्णा-पंचगंगेचा संगम बघू, खिद्रापुरात कोपेश्वराच्या 48 खांबांच्या स्वर्गमंडपात घटकाभर बसू. पण माझं लक्ष वाटेतल्या रानांकडं आहे.

कुठं मीठ फुटल्यासारखी पांढरी जमीन दिसेल, कुठं नुसतं पाणकणीस. उसाला पाणी भरमसाट पाजलं, निचरा झाला नाही, खालचे क्षार वर आले. जमिनीत सच्छिद्र पाइप पुरले की पाण्याबरोबर क्षार निघून जातात. पण ते पाणी ओढ्यापर्यंत न्यायचं तर शेजाऱ्याचं रान ओलांडावं लागतं. तिथंच घोडं अडतं. सातबारावर आपलं नाव असो-नसो, कुणाचा बांध कुणाला लागून आहे हे आपल्याला पाठ आहे. बांधाशेजारच्या बायका एकाच गटात बसतात. मग हा विषय पुढच्या बैठकीत आपणच काढायचा.

हवेचा पंप बरोबर घ्या. वाडीत बासुंदी मिळंल, पंक्चरवाला मिळंलच असं नाही.