मंद म्हणण्याआधी
(मिशन रविवारी उपासनेनंतर केलेले भाषण)



शिक्षक-प्रशिक्षणाच्या कामाविषयी बोलावे, असे आपण मला सांगितले. सुरुवात माझ्याच चुकीपासून करते.

नंदुरबार जिल्ह्यातल्या अक्राणी तालुक्यात मी नवीन शिक्षिका होते. तिसरीच्या वर्गात एक पावरा मुलगी होती. प्रश्न विचारला की ती नुसती बघत राही आणि शेजारणीचे पाहून लिही. घरी पावरी बोलणारी पोर, मराठी कळत नसेल, म्हणून मी वर्षभर थांबले. पुढच्या वर्षी तिला ‘मंद’ ठरवून शेवटच्या रांगेत बसवले. एकदा तिची आई शाळेत आली. तिचे बोलणे एका मोठ्या मुलीने मला मराठीत सांगितले: हिचे कान लहानपणापासून वाहतात. मी कधी तिच्या कानांकडे पाहिलेच नव्हते! चौथीनंतर ती शाळेत आली नाही.

म्हणून आज आम्ही शिक्षकांना सर्वांत आधी पाहायला शिकवतो. मूल घरच्या भाषेत नीट बोलते का, हे आईला विचारा. तिथे बोलत असेल, तर अडचण बहुधा आपल्या मराठीची आहे. पाठीमागून हाक मारा, वळते का पहा. शंका आली तर आरोग्य पथकाला किंवा डॉक्टरांना दाखवा. तोवर त्याला पुढे बसवा, त्याच्याकडे तोंड करून बोला आणि फळ्यावर लिहिताना बोलू नका. याला पैसा लागत नाही, सवय लागते.

दुसरे उदाहरण सिकलसेलचे. आपल्या आदिवासी भागात हा रक्ताचा आजार बराच आढळतो. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, 2016 मधील 21 प्रकारांत त्याचाही समावेश आहे. पण हे मूल दिसायला धडधाकट, म्हणून हातपाय दुखतात म्हटले की त्याला आळशी ठरवतात. अशा मुलाला वर्गात पाण्याची बाटली हवी, लघवीला जायची मोकळीक हवी, थंडीत गार पाण्याची आंघोळ नको आणि दुखण्यात बुडालेला धडा कोणीतरी पुन्हा शिकवायला हवा.

कायदा म्हणतो, ही मुले इतरांबरोबरच शिकावीत. पण नुसते एका खोलीत बसवणे म्हणजे बरोबर शिकवणे नव्हे. ती मुलगीही माझ्याच वर्गात बसत होती. शिवाय दोन दिवसांच्या शिबिराने सवय बदलत नाही. म्हणून काही महिन्यांनी आम्ही पुन्हा त्या शिक्षकांच्या वर्गात जाऊन बसतो. आपल्या अर्पणातला मोठा भाग या फेऱ्यांवरच खर्च होतो. त्याचा फोटो काढण्यासारखा नसतो, पण खरे काम तिथेच होते.

मार्काच्या 7 व्या अध्यायातला बहिरा माणूस आठवा. प्रभूने त्याला गर्दीतून बाजूला घेतले, त्याच्या कानांत बोटे घातली, जिभेला स्पर्श केला. ज्याला शब्द ऐकू येत नव्हते, त्याच्याशी तो आधी हातांनी बोलला. शिक्षकाने यापेक्षा निराळे काय शिकायचे?

आपल्या संडे स्कूलमध्येही एखादे मूल गप्प बसत असेल. पुढच्या रविवारी त्याला पाठीमागून हळूच हाक मारून पहा. आणि आमच्या शिक्षकांसाठी प्रार्थना करा.